सभापतींचे पत्र

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' नावाची एक किरकोळ वजावट असते. अकरा महिने दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. फेब्रुवारीत शंभर जास्त का, असे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कचेरीत कोणीतरी विचारतेच. वर्षाचे अडीच हजार भरायचे असतात, त्याचा मेळ घालायला, असे लेखाविभागातून उत्तर येते. पण हा कर १९७५ मध्ये बसवला कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही. खेड्यातल्या धडधाकट माणसाने काम मागितले तर सरकारने ते द्यायचे, आणि त्याच्या मजुरीचा भार शहरात पगार घेणाऱ्यांनी थोडा थोडा उचलायचा, असा तो हिशेब होता. या योजनेचे नाव रोजगार हमी योजना. ती ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे एवढ्या वर्षांच्या राजकारणात ना मुख्यमंत्री झाले, ना एखाद्या बड्या खात्याचे मंत्री म्हणून लोकांच्या लक्षात राहिले. ते विधान परिषदेचे सभापती होते.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील बागणीचा. पण त्यांचे नाव जोडले गेले ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरशी. तिथे त्यांचे घर, तिथे शेती. तासगावात वकिली, स्वातंत्र्य चळवळीत सहभाग, मग काँग्रेसचे राजकारण, हा त्या पिढीतल्या अनेकांचा क्रम त्यांचाही होता. कृष्णाकाठची हिरवी पट्टी सोडून पूर्वेकडे निघाले की तासगाव, कवठेमहांकाळ, जत असा पाऊस कमी कमी होत जातो. एकाच जिल्ह्यात उसाचा सुकाळ आणि ज्वारीचीही शाश्वती नाही, हे दोन्ही एका दिवसाच्या प्रवासात दिसते. वाळव्यात जन्मलेल्या आणि तासगावात राहिलेल्या माणसाला ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, पागे विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत राहिले. अठरा वर्षे. या काळात यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील असे मुख्यमंत्री बदलले, सभापती तेच. ही खुर्ची मानाची खरी, पण तिला हात बांधलेले असतात. सभापतीला वादात उतरता येत नाही, आपले मत मांडता येत नाही; दोन्ही बाजूंना सारखी मते पडली तरच त्याचे मत मोजले जाते. त्यातून विधान परिषद हे वरिष्ठ सभागृह असले तरी पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द विधानसभेचा. म्हणजे तिजोरी हाती नाही, खाते हाती नाही, बोलायचीही सोय नाही. अशा जागी बसलेल्या माणसाने राज्याच्या तिजोरीवर कायमचा हक्क सांगणारी योजना गळी उतरवावी, ही आपल्या राजकारणातली दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांनी वापरलेले हत्यार साधे होते. त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले.

त्या पत्रामागची एक गोष्ट पागे यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. विसापूरच्या घरी त्यांनी पत्नीला विचारले, समजा सरकारने आपल्या शेतीच्या कामासाठी सातशे रुपये दिले, तर तू किती माणसांना काम देशील? बाईंनी मनाशी हिशेब केला आणि सांगितले, तेरा माणसांना वीस दिवस. गोष्ट सांगताना लोक इथे थांबतात, पण आकडेमोड पुढे नेऊन पाहण्यासारखी आहे. तेरा गुणिले वीस म्हणजे दोनशे साठ दिवसांची मजुरी. सातशेला भागले तर रोज दोन रुपये सत्तर पैशांच्या आसपास पडतो. १९६५ च्या सुमारास कोरडवाहू भागातल्या शेतमजुराच्या रोजाच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. म्हणजे उत्तर देणाऱ्या बाईंना मजुरीचा दर चांगला ठाऊक होता. पागे यांनी तोच हिशेब वर चढवला: सातशे रुपयांत एवढे, तर पंचवार्षिक योजनेतल्या कोटींत किती? मुख्यमंत्री वसंतराव नाईक स्वतः शेतीत रमणारे. त्यांना हा हिशेब कळला आणि प्रयोग करून पाहायला त्यांनी संमती दिली.

पण पत्रातली खरी नवी गोष्ट हिशेबात नव्हती. दुष्काळात सरकारने कामे काढायची, हे महाराष्ट्राला ब्रिटिशांच्या काळापासून माहीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाई दिसू लागली की आधी चाचणी म्हणून काम काढायचे, माणसे लोटली तर दुष्काळ खरा मानायचा, मग रस्ते, तलाव, खडी फोडण्याची मोठी कामे उघडायची. स्वातंत्र्यानंतरही सांगाडा तोच राहिला. पिकांची आणेवारी निघायची, ती ठरावीक रेषेखाली गेली की टंचाई जाहीर व्हायची आणि जिल्हाधिकारी कामे सुरू करायचे. या सगळ्यात मजुराची भूमिका वाट पाहण्याची. त्याच्या घरातले धान्य संपले आहे की नाही हे ठरणार तलाठ्याच्या कागदावर. आणि आणेवारी काढायची ती गावाच्या पिकाची. ज्याला जमीनच नाही त्याचे पीक ते कुठले? चांगल्या सालातही पौषानंतर शेतात काम नसते, हे तर त्या कागदावर कधी दिसतच नव्हते.

पागे यांनी हा क्रम उलटा केला. टंचाई आहे की नाही हे सरकारने जाहीर करायचे नाही. काम मागायला आलेला माणूसच ते जाहीर करील. तो आला की काम निघाले पाहिजे, मग साल सुकाळाचे असो वा दुष्काळाचे. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत हे पुढे इतक्यांदा रंगवले गेले की त्यातला 'मागेल' हा शब्द आता कानाला जाणवतही नाही. सगळी योजना त्या एका क्रियापदावर उभी आहे. 'गरिबाला काम' म्हटले असते तर गरीब कोण हे ठरवायला एक यादी लागली असती, यादी करायला एक समिती, आणि समितीत गावातली तीच चार माणसे. मागेल त्याला म्हटल्यावर यादीची गरज संपली. उन्हातान्हात टिकाव चालवून, पाट्या वाहून किमान मजुरी मिळवायला जो येतो त्याला गरज आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पाटलाचा मुलगा तिथे येत नाही.

सुरुवातीचा प्रयोग पागे यांच्या परिसरातच झाला. आधी विसापूर भागात, मग १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातल्या काही गावांत रोजगार हमी म्हणून तो चालवून पाहिला गेला. आपल्याच गावावर प्रयोग करायचा यात राजकारण्याची सोय असते आणि जोखीमही. यशस्वी झाला तर म्हणतात, सभापतींचे गाव म्हणून झाला. फसला तर लपवायला जागा नाही. काम मागणारे येतील का, आले तर किती दिवस टिकतील, शेताच्या हंगामात ते शेतावर परत जातील का, अशा शंका सचिवालयात होत्या. माणसे आली, आणि पेरणी-काढणीला पुन्हा शेतात गेलीही. १ मे १९७२ पासून योजना राज्यभर लागू करायचे ठरले.

आणि त्याच वर्षी आभाळ फिरले.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्यासमोर नुसते 'बहात्तर साल' म्हटले तरी पुरते. त्याआधीची दोन सालेही धड नव्हती. १९७२-७३ मध्ये राज्याचे धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्यावर आले. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली किंवा सोडून दिली गेली. नुकतीच सुरू झालेली हमी योजना बाजूला ठेवावी लागली, कारण आता सगळे राज्यच टंचाईच्या कामांवर उतरले होते. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे म्हातारे, तान्ही मुले, मुंबई-पुणे सगळे धरून दर दहा माणसांत एक जण खडी फोडत होता किंवा माती उपसत होता. गुरांपाठी फिरणारा कुणबी आणि त्याच्या शेतावर राबणारा भूमिहीन, दोघे एकाच बांधावर पाटी उचलताना दिसले. रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून गेली नाही.

एवढ्या मोठ्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, ही गोष्ट पुढे जगभरच्या अभ्यासकांना महत्त्वाची वाटली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी भारतातल्या दुष्काळ निवारणाचा अभ्यास करताना महाराष्ट्राचा हा काळ बारकाईने तपासला. पण हे केवळ प्रशासनाच्या कार्यक्षमतेने झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कामे उघडत नव्हती तिथे मोर्चे निघत होते. मजुरी थकली की तहसील कचेरीला वेढा पडत होता. शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि समाजवादी यांचे कार्यकर्ते खडीच्या ढिगांवर सभा घेत. मोर्च्यांत बायका पुढे असत. ज्यांनी वर्षभर सरकारकडून काम घेतले, मजुरीसाठी भांडून ती वसूल केली, त्यांना पाऊस पडल्यावर 'आता घरी जा' म्हणणे अवघड होते. पागे यांच्या पत्रातली कल्पना दुष्काळाआधीची. पण ती मागे न फिरवता येण्यासारखी झाली ती या पन्नास लाख माणसांमुळे. ते श्रेय नुसत्या एका पत्राला देऊन भागत नाही.

१९७४ मध्ये योजना पुन्हा हाती घेतली गेली आणि लगेच प्रश्न आला पैशाचा. दुष्काळात दिल्लीकडून मदत येते. सुकाळात हमी पाळायची तर पैसा राज्याने उभा करायचा. इथे महाराष्ट्राने जे केले ते माझ्या मते योजनेइतकेच धाडसाचे होते. तिच्या नावाने वेगळे कर बसवले. १९७५ पासून व्यवसाय कर आला. विक्रीकर आणि मोटार वाहन करावर जादा भार आला. पाटाच्या पाण्याखालच्या जमिनीवर, शहरातल्या निवासेतर मालमत्तेवर आकारणी आली. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्य सरकारने आपल्या पदरची घालायची आणि दोन्ही मिळून रोजगार हमी निधी. व्यवसाय कराचा मोठा भाग मुंबईतून येणार हे उघड होते. त्या वेळी घटनेने या कराला वर्षाला अडीचशे रुपयांची मर्यादा घातली होती. ती अडीच हजार झाली १९८८ च्या घटनादुरुस्तीने.

मुंबईने हे मान्य का केले? एक उत्तर असे की बहात्तरच्या दुष्काळात खेड्यांतून निघालेले लोंढे शहराने पाहिले होते. गावात काम मिळाले तर माणूस गावात राहील, फुटपाथवर येणार नाही, हा विचार करदात्याला पटण्यासारखा होता. आणि बागायतदार, साखर कारखानदार यांचा भरणा असलेल्या विधिमंडळाने मजुरांच्या हक्काचा कायदा एकमुखाने का स्वीकारला? मजुराला दुसरीकडे काम मिळाले की शेतावरचा रोज वाढतो, हे त्यांना कळत नव्हते थोडेच. पण योजनेत त्यांच्यासाठीही काही होते. मजुरी सरकार देणार, आणि त्या मजुरीतून बांध, नालाबांध, पाझर तलाव, शिवारात जाणारा रस्ता तयार होणार; पाझर तलावाचे पाणी शेवटी ज्याची विहीर त्याच्याच विहिरीला उतरणार. कामे शेतीच्या हंगामाला आड येऊ नयेत अशी काळजीही घेतली होती. पागे हे आदर्शवादी होते असे लिहून मोकळे होणारे लेख मी वाचले आहेत. मला ते जास्त चतुर वाटतात. मजूर, बागायतदार, मुंबईचा व्यापारी आणि डावा विरोधक या चौघांनाही एकाच वेळी नाही म्हणता येऊ नये, अशी त्यांच्या कल्पनेची बांधणी होती.

कायदा मंजूर झाला १९७७ मध्ये. तेव्हा परिषदेचे सभापती पागेच होते. राष्ट्रपतींची संमती आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम लागू झाला. तोवर पागे खुर्चीवरून उतरले होते आणि शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आले होते. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येणार नाही अशा भागात. महाराष्ट्राने त्याला ग्रामीण भागापुरते आणि क वर्ग नगरपालिकांपुरते कायद्याचे रूप दिले. अठरा वर्षांवरील कोणीही अंगमेहनतीचे काम मागावे, त्याला पंधरा दिवसांत काम मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा. खर्चात मजुरीचा वाटा किमान साठ टक्के, साहित्य वगैरे चाळीसच्या आत. ठेकेदार नको, मजुराची जागा घेणारी यंत्रे नकोत. पन्नास मजूर मागणी करतील तिथे नवे काम उघडावे. बाई-पुरुष रोज सारखा. जिल्हाधिकारी प्रमुख, तहसीलदार मजुरांचा हिशेब पाहणार, आणि पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन ही खाती प्रत्यक्ष काम करून घेणार.

कागदावर इतके नेटके असलेले प्रकरण जमिनीवर कसे उतरले, हे हमीच्या कामावर गेलेल्या कोणालाही विचारावे. मजुरी दिवसावर नसून मापावर होती. मऊ मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, खडकाचा वेगळा. माती किती लांब टाकली, किती उंच चढवली त्याप्रमाणे भर. टोळीने खणलेल्या चौकडीचे माप घ्यायला कारकून आठवड्याने येणार, मग मस्टर भरणार, मस्टर तालुक्याला जाणार, आणि पगार कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. आज खाऊन उद्याची चिंता असलेल्या माणसासाठी महिनाभराने येणारी मजुरी ही हमी कसली? मग गावातला दुकानदार उधार देतो आणि पगारवाटपाच्या दिवशी मुकादमाशेजारी उभा राहतो. मुरूम खणला आणि मापात माती लागली, अशा तक्रारी तर नेहमीच्याच. मस्टरवर मेलेली माणसे कामाला आली, एकाच पाझर तलावावर दोनदा खर्च पडला, अशी प्रकरणेही निघाली. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही' ही म्हण लोकांनी काढली ती उगाच नाही. योजनेच्या जमाखर्चावर नजर ठेवायला विधिमंडळाची रोजगार हमी समिती आहे. तिचा जिल्हा दौरा ठरला की अधिकाऱ्यांची झोप उडते, निदान दौरा संपेपर्यंत.

तरीही माणसे जात राहिली. १९७९-८० मध्ये वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवसांचे काम झाले. त्यात बायकांचा वाटा मोठा होता आणि यामागचे कारण समजायला फार अभ्यास नको. काम घराजवळ, रोज पुरुषाइतकाच, आणि शेतमालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही. शेतावर बाईचा रोज पुरुषाच्या निम्म्याला टेकलेला असायचा. हमीच्या मस्टरवर तिच्या नावापुढे तिचाच अंगठा. शेतमालकाला पहिल्यांदा 'परवडत नसेल तर हमीवर जाते' असे ऐकावे लागले. कायद्यातला बेकारी भत्ता मात्र बहुतेकांच्या हाती कधीच पडला नाही. तो मिळायचा तर कामाची लेखी मागणी केल्याची पोच हवी, आणि तीच देताना कारकुनाचा हात जड व्हायचा. पोच दिली की पंधरा दिवस मोजले जाणार. मजूर संघटनांनी वर्षानुवर्षे जी भांडणे केली त्यांतली निम्मी या एका चिठोऱ्यासाठी होती.

१९८८ मध्ये किमान वेतन वाढले आणि हमीचा रोज जवळपास दुप्पट झाला. मजुरांची जीत असे वाटावे, पण पुढच्या काळात कामाचे दिवस झपाट्याने घटले. खर्च आवरायला सरकारने नवी कामे उघडणे कमी केले का, असा प्रश्न उभा राहिला. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला आणि वेतनवाढीनंतर हमी पूर्वीइतकी पक्की उरली नाही असा निष्कर्ष काढला. मागणीवर चालणारी योजना पुरवठ्यावर चालू लागली, की ती पुन्हा सरकारच्या मर्जीवर येते. पागे यांनी जी गोष्ट मर्जीतून सोडवली होती ती इथे मागच्या दाराने परत आली. गंमत म्हणजे निधीत पैसा होता. कर वसूल होत होता, खर्च त्या प्रमाणात होत नव्हता, आणि शिल्लक दुसरीकडे वळते अशी टीका विधिमंडळातच होत होती.

या कामांतून काय उभे राहिले? सुरुवातीला रस्ते आणि खडी यांवर फार खर्च झाला आणि पावसाळ्यात त्यातले बरेच वाहून गेले. पुरंदर तालुक्यात बहात्तरच्या दुष्काळात माणसे खडी फोडताना पाहून अस्वस्थ झालेले अभियंते विलासराव साळुंखे पुढे नायगावला पाणी अडवण्याच्या कामाकडे वळले आणि पाणी पंचायत उभी राहिली. हमीच्या पैशाने पाणलोटाची कामे करावीत ही जाण यायला मात्र सरकारला वेळ लागला. नंतर जवाहर विहिरी आल्या. १९९० मध्ये फळबाग लागवड हमीला जोडली गेली आणि शेतकऱ्याला स्वतःच्या रानात रोपे लावण्यासाठी मजुरी मिळू लागली. कोकणातला आंबा-काजू, सोलापूर भागातले डाळिंब, मराठवाड्यातली मोसंबी यांचा विस्तार त्या दशकात झाला त्यामागे ही योजना आहे. भूमिहीनाच्या नावाने काढलेल्या निधीतून जमीनवाल्याची बाग उभी राहिली, हा आक्षेप खोटा नाही. पण सांगोल्याच्या माळावर डाळिंबाच्या तोडणीला आज जितकी माणसे लागतात तितकी पूर्वी तिथल्या बाजरीला लागत नव्हती, हेही खरे.

पागे यांचे निधन १९९० मध्ये झाले. त्यांचे नाव आज रोजगार हमीच्या सरकारी कागदांपेक्षा जास्त वेळा उच्चारले जाते ते वेगळ्याच ठिकाणी. नगरपालिका-महापालिकांतल्या सफाई कामगारांच्या वस्तीत 'लाड-पागे' हा जोडशब्द लहान मुलालाही माहीत असतो. सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या दोन समित्यांची ही नावे. त्यातली दुसरी पागे यांच्या अध्यक्षतेखालची. निवृत्त किंवा मृत कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी देण्याची तरतूद या शिफारशींतून आली. ज्या घराला दुसरा आधार नाही त्याला तो मोठा दिलासा आहे, आणि त्याच वेळी बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी व्यवस्थाही आहे. वस्तीतल्या तरुणांमध्ये यावर दोन्ही बाजूंनी वाद होतो. लाड-पागेखाली लागलेला मुलगा घर चालवतो. त्याची बहीण पदवी घेऊन तेच नाव नको म्हणते.

दिल्लीत २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला तेव्हा समोर महाराष्ट्राचा कायदा होता. द्रेझ त्या मसुद्यामागच्या मंडळींत होतेच. पंधरा दिवस, बेकारी भत्ता, साठ-चाळीसचे प्रमाण, ठेकेदाराला बंदी, ही सगळी ओळखीची कलमे त्यात गेली. बदल दोन महत्त्वाचे. महाराष्ट्रात हमी माणशी होती आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राने ती कुटुंबामागे शंभर दिवस केली. दुसरे म्हणजे किमान निम्मी कामे ग्रामपंचायतीमार्फत करायची, असे केंद्राने ठरवले. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपला कायदा त्याला जुळवून घेतला आणि शंभर दिवसांपुढचा भार राज्याने उचलायचा असे ठेवले.

त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत राजस्थान, आंध्र प्रदेश ही राज्ये पुढे निघाली आणि महाराष्ट्र मागे पडला. तीस वर्षे इथे तहसीलदार आणि तांत्रिक खाती ही कामे चालवत आली होती. ग्रामसेवकाला त्यातले काही करायची सवय नव्हती, आणि ग्रामसभेने कामांचा आराखडा ठरवायचा ही कल्पना तर कित्येक गावांना ऐकूनही माहीत नव्हती. आंध्रने संगणकावर मस्टर चढवले, राजस्थानात मजूर संघटनांनी गावोगाव जाहीर जनसुनावण्या घेऊन हिशेब वाचून दाखवले. आपल्याकडे कामाची मागणी नोंदवायचा नमुना चार भरून घ्यायचा आणि त्याची पोच द्यायची की नाही, यावर तालुक्या-तालुक्यांत मजूर संघटना आणि कचेऱ्या यांच्यात पुन्हा तीच झटापट सुरू झाली.